खणाच्या तुकड्यांचे बटवे

ब्लाउज शिवून उरलेले खणाचे तुकडे मी टाकत नाही, उलट टेलरकाकांकडूनही मागून आणते. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाचं सगळं देखणेपण काठात, म्हणून काठ बटव्याच्या तोंडाशीच यायला हवा. आत जुन्या सुती साडीचं अस्तर. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुताला तोड नाही. खणाचे धागे पटकन सुटतात, तेव्हा अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडा आणि आतून दुहेरी टीप मारा. काठाखाली नेफा. त्यात दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवल्या की ओढल्याबरोबर तोंड मिटतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकचे डबे अजिबात नाहीत, हेच बटवे लुटणार. अगदी बारीक चिंध्यांचे गोंडे करून नाड्यांना लावतेय.