पाठीत खंजीर? आधी तारखा लावून बघा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, पण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मन सैन्य अजून फ्रान्स-बेल्जियममध्ये उभं होतं. मग जर्मनी हरली कशी? आतून फितुरी झाली म्हणूनच ना?" आपल्याकडे फितुरी आणि पाठीतला खंजीर हे शब्द राजकारणात इतके रुळलेत की ही गोष्ट ऐकताक्षणी पटते. फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सास प्रांताचा एक कोपरा सोडला तर जर्मन भूमीवर शत्रू नव्हता, हेही खरं. तरीही उत्तर 'नाही' असंच आहे, आणि ते तारखांच्या क्रमात आहे.

८ ऑगस्ट १९१८ ला फ्रान्समधल्या आमियांजवळ दोस्त राष्ट्रांनी (इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूने) हल्ला केला. एका दिवसात जर्मनीची सुमारे २७,००० माणसं कामी आली, जखमी झाली किंवा पकडली गेली. त्यांतले १२,००० हून अधिक कैदी होते. सेनापती लुडेनडॉर्फला बोचला तो हाच भाग. माणसं मरतात हे त्याला नवं नव्हतं, पण जथ्थेच्या जथ्थे हात वर करून येत होते. मार्चपासूनच्या मोठ्या चढाईत त्याने कसलेली पथकं खर्ची घातली होती, आणि समोर अमेरिकेचे ताजे सैनिक दिवसाला हजारोंनी उतरत होते.

२९ सप्टेंबरला बेल्जियममधल्या स्पा इथल्या मुख्यालयात लुडेनडॉर्फ आणि त्याचा वरिष्ठ सेनाप्रमुख हिंडेनबुर्ग यांनी कैसरला, म्हणजे जर्मन सम्राटाला, सांगितलं, ताबडतोब शस्त्रसंधी मागा. त्याच दिवशी जर्मनीच्या मित्र बल्गेरियाने हत्यार ठेवलं. वर लुडेनडॉर्फचा सल्ला असा की संसदेतल्या पक्षांना सरकारात घ्या. म्हणजे ज्यांना चार वर्षं कारभाराजवळ फिरकू दिलं नाही, त्यांनीच आता हे निस्तरावं. २ ऑक्टोबरला एका मेजरने पक्षनेत्यांपुढे लष्कराची खरी स्थिती मांडली. तोवर त्यांना विजयाच्याच बातम्या मिळत होत्या. ३ तारखेला माक्स फॉन बाडेन चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला आणि त्याच रात्री अमेरिकेच्या अध्यक्षांना, विल्सनना, पत्र गेलं.

ज्याला फितुरी म्हणतात ते खलाशांचं बंड या घटकेपर्यंत झालेलंच नव्हतं. ते व्हायला आणखी जवळजवळ महिना होता.

बंड झालं ते नौदलाच्या एका गुप्त बेतामुळे. सरकार शस्त्रसंधीची बोलणी करत असताना नौदलाच्या वरिष्ठांनी सगळा आरमारी ताफा इंग्रजांवर शेवटच्या लढाईला काढायचं ठरवलं, तेही सरकारला न सांगता. २९ ऑक्टोबरच्या रात्री विल्हेल्म्सहाफेन बंदराबाहेर ताफा गोळा झाला आणि खलाशांना वास लागला. 'थ्युरिंगेन' आणि 'हेल्गोलांड' या जहाजांवर त्यांनी नांगर उचलायला नकार दिला, बॉयलरखालचे विस्तव विझवले. कोळशाच्या जहाजात हे हत्यार बंदुकीपेक्षा भारी. वाफ पुन्हा चढवायला तासन् तास लागतात, तोवर जहाज म्हणजे नुसतं लोखंड.

बंड मोठ्या युद्धनौकांवरच का झालं, पाणबुड्यांवर का नाही? पाणबुडीत मोजकी माणसं. अधिकारी आणि खलाशी एकाच कोंदट नळकांड्यात, जेवण एकच. मोठ्या जहाजांवर हजार-हजार माणसं बंदरात महिनोन् महिने पडून, अधिकाऱ्यांचं ताट वेगळं, यांचं वेगळं. चांगले तरुण अधिकारी पाणबुड्यांकडे गेलेले. ऑगस्ट १९१७ मध्येही जेवणावरून आणि रजेवरून धुसफूस झाली होती, तेव्हा दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. (मुंबईत १९४६ साली 'तलवार' या किनाऱ्यावरच्या नौदल-तळावरच्या नाविकांचा भडकाही निकृष्ट जेवणावरूनच उडाला होता. नौदलात असंतोष आधी ताटात दिसतो.)

पुढची चूक वरिष्ठांची. बेत रद्द करून त्यांनी ताफा पांगवला आणि तिसरी तुकडी कील बंदराला पाठवली, अटक केलेल्या खलाशांसकट. कील म्हणजे गोदीकामगारांचं शहर. जहाजावर कोंडलेली ठिणगी त्यांनी स्वतःच्या हाताने गंजीवर नेऊन ठेवली. ३ नोव्हेंबरला कैद्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, किमान ७ जण मेले. दुसऱ्या दिवशी शहर सैनिक-कामगारांच्या समितीच्या हातात होतं.

तिथून बंड रेल्वेने पसरलं. खलाशी गावात उतरत, तिथल्या छावणीतले कंटाळलेले सैनिक त्यांना मिळत, स्टेशन आणि तारघर ताब्यात, तुरुंग खुला, समितीची निवड. रक्त फारसं सांडलं नाही, कारण राजवट वाचवायला कुणी पुढेच आलं नाही. ७ तारखेला म्युनिकमध्ये बव्हेरिया या जर्मन राज्याचा राजा पळाला. ९ ला बर्लिनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या शाइडेमानने दुपारी प्रजासत्ताक पुकारलं, जहाल डाव्या लीबक्नेख्तने दोनेक तासांनी वेगळं, समाजवादी प्रजासत्ताक. १० ला कैसर पळून हॉलंडमध्ये.

लोक इतके विटले का होते, याचं उत्तर बटाट्यात आहे, आणि नाशिकचा द्राक्षबागायतदार ते चटकन समजेल. १९१६ च्या ओल्या हंगामात बटाट्यावर करपा आला. त्यावर मोरचुदाची फवारणी लागते. पण मोरचुदाला तांबं लागतं आणि तांबं तोफगोळ्यांना जात होतं. नत्रखताचा नायट्रोजन स्फोटकांत. चिलीचा सोरा इंग्रजांच्या सागरी नाकेबंदीने अडवलेला. पीक निम्म्याच्या आसपास आलं. त्या हिवाळ्यात शहरांनी सलगमसारखा जाड कंद खाल्ला, जो एरवी गुरांपुढे टाकत: त्याचीच भाजी, त्याचाच मुरंबा, पावातही तोच. रेशनवर दिवसाला जेमतेम हजार कॅलरी मिळत. जानेवारी १९१८ मध्ये एकट्या बर्लिनमध्ये सुमारे ४ लाख कामगार संपावर गेले.

क्रांती मवाळ का राहिली, त्याचं एक कारणही हेच. सोशल डेमोक्रॅटांचा नेता एबर्ट याने ९ नोव्हेंबरला सत्ता हाती येताच जुन्या नोकरशहांना जागेवर राहायला सांगितलं. कचेऱ्या ठप्प झाल्या तर शहरांत धान्य पोचणार नाही, ही त्याची भीती होती. ती अवास्तव नव्हती, पण त्यामुळे जुने न्यायाधीश आणि जुने अधिकारीही तसेच राहिले, याचा हिशोब पुढे प्रजासत्ताकाला चुकवावा लागला.

आता शस्त्रसंधीवरची सही. फ्रान्समधल्या कोंपियेनच्या जंगलातल्या रेल्वेडब्यात वाटाघाटींना प्रमुख म्हणून गेला तो सेनापती नव्हता, मात्तियास एर्त्सबेर्गर नावाचा संसद-सदस्य होता. ५,००० तोफा, ५,००० इंजिनं, दीड लाख डबे द्या, १५ दिवसांत फ्रान्स-बेल्जियम सोडा, आणि नाकेबंदी मात्र चालूच राहील, अशा अटी होत्या. १० तारखेला हिंडेनबुर्गचा निरोप आला: सवलती मिळतात का बघा, नाही मिळाल्या तरी सही करा. ११ ला पहाटे सही झाली.

१८ नोव्हेंबर १९१९ ला संसदेच्या चौकशी समितीपुढे त्याच हिंडेनबुर्गने सांगितलं की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. एर्त्सबेर्गरला २६ ऑगस्ट १९२१ ला, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेला असताना, दोन माजी लष्करी अधिकाऱ्यांनी गोळ्या घातल्या.