खंजिरी, कापूस आणि जुना लॅपटॉप : घरच्या रेकॉर्डिंगची नोंद ३

मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं, कापसाचा पहिला चुकारा हाती आला की घरी भजन रेकॉर्ड करायला डेस्कटॉप घेणार. यादीही तयार होती. घेतला मात्र जुना लॅपटॉप, आणि त्याला कारण ठरली एक संध्याकाळ.

मित्राचा असेम्बल्ड डेस्कटॉप एका दिवसापुरता घरी आणला होता. आम्ही तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या पट्ट्यातले, त्यामुळे खंजिरी भजन इथे गावोगाव. मंडळ जमलं. एक माइक खंजिरीपासून दोन हात लांब, दुसरा पेटी आणि गळ्यासाठी. बाराव्या मिनिटाला लाइन गेली. यूपीएसने डेस्कटॉप वाचवला, पण लगेच टीं-टीं सुरू केलं आणि कंडेन्सर माइकने ते इमानदारीत टिपून घेतलं. बुवा गाता गाता थांबले. "हे काय वाजून रायलं रे भाऊ?" टेक, म्हणजे तेवढं सलग रेकॉर्डिंग, गेला तो गेलाच.

लॅपटॉपला यूपीएस लागत नाही, तो स्वतःच यूपीएस. माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी, म्हणजे इंटरफेस, तीही यूएसबीवरच चालते, कंडेन्सर माइकला लागणाऱ्या ४८ व्होल्ट फँटम विजेसकट. गावठाण फिडरची लाइन कधीही येवो-जावो, टेक पुरा होतो. एवढं कळल्यावर डेस्कटॉपची यादी फाडून टाकली.

मॅकबुक एअर एम-वनचा मोह झाला होता. त्यात पंखाच नाही, म्हणजे माइकजवळ घरघर नाही. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि कंपनीच सांगते की खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंत ठेवा. तेवढं आपल्याकडे मार्चमध्येच होतं बापा! कूलर लावावा तर रेकॉर्डिंगला कूलरच ऐकू येतो. सोडून दिला.

शेवटी नागपूरला सीताबर्डीवर जाऊन थिंकपॅड टी-४८० घेतला, २०१८ चं मॉडेल, अठरा हजारांत. आठव्या पिढीचा प्रोसेसर मुद्दाम पाहिला. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. सातव्या पिढीचे लॅपटॉप स्वस्तात गळ्यात मारतात, सांभाळा. टी-४८० मध्ये रॅमला दोन खाचा आहेत आणि बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक बाहेरून निघणारी. आठ जीबीचे सोळा जीबी मी घरीच केले.

बॅटरीत मात्र फसलो. दुकानदार म्हणाला चार तास, निघाली दीड तास. पैसे देण्याआधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि लगेच बॅटरीरिपोर्ट एवढं टाकायचं होतं. त्यातून बनलेली फाइल उघडली की मूळ क्षमता किती आणि आता पूर्ण चार्ज किती भरतो, दोन्ही आकडे समोर येतात. माझ्या बाहेरच्या बॅटरीत २४ पैकी १३ वॉट-तास उरले होते. हे दुकानातच करा, घरी येऊन नाही.

आता वेगाबद्दल. त्याचा बाऊ फार होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, सॅम्पल) एका ट्रॅकचं एक मिनिट म्हणजे साडेआठ एमबीच्या थोडं वर. दोन माइक लावून तीन तास भजन भरलं तरी तीन जीबीच. साधी एसएसडी हे हसत झेलते. खरी कटकट लेटन्सीची, म्हणजे आवाज कानात उशिरा येण्याची. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती सॅम्पल साठवून पुढे पाठवतो तो आकडा, १०२४ ठेवला होता तेव्हा आमचे पेटीवाले काका हेडफोन कानाला लावून म्हणाले, "माहा सूर मांगून येऊन रायला." बरोबरच होतं. १०२४ सॅम्पल म्हणजे जातानाच २१ मिलिसेकंद, येताना तेवढेच. २५६ वर एका बाजूचे पाचच होतात, दोन्ही मिळून दहा-अकरा, म्हणजे पेटी साडेतीन मीटर दूर ठेवून ऐकल्यासारखं. पण खरा उपाय त्याहून सोपा निघाला. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू केलं की आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो, आणि कॉम्प्युटर म्हातारा असला तरी गाणाऱ्याला कळत नाही. बफर लहान लागतो तो सॉफ्टवेअरमधलं वाद्य कीबोर्डवर वाजवताना.

रेकॉर्डिंगमध्ये मधे मधे चटचट येत होती. आवाज कोणता ड्रायव्हर अडवतो ते दाखवणारं लेटन्सीमॉन चालवून पाहिलं तर नेटवर्कचा ड्रायव्हर लाल. आता रेकॉर्डिंगला बसताना वायफाय बंद. चटचट गेली.

चार्जर लावला की हूं असा बारीक घुमारा येत होता, काढला की गायब. खोलीत तीन पिनचा सॉकेट आहे, पण मागे अर्थिंगची तारच नव्हती! कुणी सांगेल की चार्जरची तिसरी पिन तोडून टाक. तसं अजिबात करू नका, जिवाशी खेळ आहे. मी वायरमनकडून परसात खड्डा करून घेतला, मीठ-कोळसा भरला. उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत राहावं लागतं, नाहीतर माती कोरडी पडून अर्थिंग नावापुरतंच उरतं. घुमारा बराच कमी झाला. टेकच्या वेळी तरी मी बॅटरीवरच चालवतो.

यंदा खोलीची लॉटरी लागली ती कापसामुळे. भाव वाढेल म्हणून बाकीचा कापूस विकला नाही, टिनाची खोली कमरेच्या वरपर्यंत भरलेली आहे. त्या ढिगासमोर खंजिरी वाजवली की आवाज कसा नेमका, कोरडा येतो! टिनाखालचा तो ढणढणाट नाहीच. पैसे देऊन असं ध्वनिशोषण मला परवडलं नसतं. मंडळी अंग खाजवत गातात ते वेगळं. दोन आठवड्यांत लॅपटॉपचा पंखा अचानक ओरडायला लागला, मागचं झाकण काढलं तर पंख्याच्या जाळीवर सरकीच्या रुईचा पांढरा गालिचा. ब्रशने काढला, आता लॅपटॉप दाराबाहेर स्टुलावर आणि इंटरफेसची लांब केबल आत.

परवा गाडी येऊन कापूस घेऊन जाईल. भाव काही वाढला नाही. खोली रिकामी झाली की टिन पुन्हा घुमणार, म्हणून आईकडून सहा गोधड्या मागून ठेवल्यात. बाहेरची बॅटरी नवीन मागवली आहे, आली की गोधड्या आणि बॅटरी दोन्हीचं मिळून पुढच्या वेळी लिहितो.