कुदळ-फावड्यापुढे पडणारे किल्ले: वोबाँची वेढ्याची रीत

सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपातलं युद्ध म्हटलं की रंगीत गणवेशांच्या रांगा आणि मैदानातला धूर डोळ्यांपुढे येतो. पण फ्लँडर्समध्ये किंवा ऱ्हाइनच्या काठी सैन्यांचे मोसमच्या मोसम वेढ्यात जात. तिथली खरी झुंज मातीशी असे. वेढा कोण जिंकणार हे बहुतेक वेळा खोदकाम किती शिस्तीत झालं यावर ठरे, आणि घाई करणारा सेनापती माणसं गमावून बसे.

आधी किल्ला कसा होता ते पाहू. 1494 मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स ओतीव काशाच्या तोफा आणि लोखंडी गोळे घेऊन इटलीत उतरला, तेव्हा उंच, सडसडीत भिंती तोफेसमोर टिकत नाहीत हे सगळ्यांना कळून चुकलं. त्यावरचा उपाय म्हणून तट बुटके आणि जाड झाले, मागे मातीची भर आली, गोल बुरुजांच्या जागी टोकदार कोनाचे बुरूज आले. एका बुरुजासमोरची जमीन शेजारच्या बुरुजावरून बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे साधारण अडीचशे मीटरच्या आत असली पाहिजे, हा रचनेचा मूळ नियम. तटापुढे खंदक, खंदकात सुटा त्रिकोणी बुरूज, खंदकापलीकडे आडोशाची वाट आणि तिच्या कडेपासून बाहेर हळूहळू उतरत जाणारी मोकळी जमीन. या उतारामुळे दुरून दगडी भिंत जवळजवळ दिसतच नाही. भिंत दिसत नसेल तर फोडता येत नाही, म्हणून तोफा खंदकाच्या काठापर्यंत न्याव्या लागतात. मधले सहाशे मीटर जिवंत कसं जायचं, हा वेढ्याचा सगळा प्रश्न.

फ्रान्सचा इंजिनियर सेबास्तियाँ ल प्रेत्र द वोबाँ (1633–1707) याने या प्रश्नाचं घट्ट उत्तर दिलं. 1673 च्या मास्ट्रिख्टच्या (नेदरलँड्स) वेढ्यात त्याने किल्ल्याच्या तटाला समांतर चर खणत पुढे जाण्याची पद्धत वापरली आणि किल्ला दोन आठवड्यांच्या आत पडला.

पहिल्यांदा घोडदळ पुढे पाठवून सगळे रस्ते एकदम बंद करायचे. मग छावणीभोवती मातीची तटबंदी: एक आतल्या शिबंदीकडे तोंड करून, दुसरी बाहेरून येणाऱ्या मदतीच्या सैन्याकडे. ते होईस्तोवर आसपासची राने तोडून फांद्यांच्या मोळ्या आणि बिनबुडाचे करंडे विणून ठेवायचे. हे सामान कमी पडलं की पुढे काम अडतं, आणि अडलेल्या चरात माणसं मरतात.

चराची सुरुवात रात्रीची. आडोशाच्या वाटेपासून सुमारे 600 मीटरवर इंजिनियर अंधारात दोरी आखतो. पहारेकरी पुढे जाऊन जमिनीवर पालथे पडतात. मागून खणणारे एकेरी रांगेत येतात, प्रत्येकाजवळ कुदळ, फावडं आणि एक मोळी. मोळी दोरीवर ठेवायची. तिच्या लांबीएवढी जागा ज्याची त्याने खणायची. बोलायचं नाही, खूण झाल्याशिवाय कुदळ मारायची नाही. माती किल्ल्याच्या बाजूला टाकायची, म्हणजे उजाडेपर्यंत चर आणि बांध मिळून माणूस झाकेल एवढा आडोसा तयार होतो. एखाद्याने कुदळीवर कुदळ आपटली आणि किल्ल्यावरून प्रकाशाचे गोळे उडाले, तर उघड्यावरच्या त्या रांगेची काय दशा होत असेल, याची कल्पना करवत नाही.

पहिल्या समांतर चरातून पुढे नागमोडी चर निघतात. प्रत्येक वळणाची रेघ मनाने पुढे वाढवली तर ती किल्ल्याच्या सगळ्यात बाहेरच्या टोकाच्याही बाहेरून गेली पाहिजे. रेघ आत शिरली तर तिथली एक तोफ अख्खा चर लांबीने झोडपते. निम्म्या अंतरावर दुसरा समांतर चर, आणि उताराच्या पायथ्याशी तिसरा. वोबाँच्या आधीही नागमोडी चर होतेच, पण त्यांच्या टोकाशी मूठभर माणसं असत आणि शिबंदी बाहेर पडून त्यांना कापून काढी, तोफांच्या कान्यांत खिळे ठोकून परत जाई. समांतर चरात पहाऱ्याचं सैन्य आडवं पसरून उभं राहू शकतं. शिबंदीच्या निदान पाऊण पट माणसं तिथे असावीत, असा वोबाँचा हिशोब होता.

दुसऱ्या चरापुढे उघड्यावर खणणं अशक्य होतं, तिथून सॅपरांचं काम सुरू. चार जण एकामागे एक. पहिला गुडघ्यावर बसून दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणतो आणि करंडा उभा करून त्यात माती भरतो. मागचे तिघे प्रत्येकी सहा-सहा इंच वाढवत तीन फूट खोल, तीन फूट रुंद करतात. पहिल्याच्या पुढे मोळ्यांनी गच्च भरलेला मोठा करंडा आडवा लोटत नेतात. दोन करंड्यांमधली फट छोट्या मोळीने बुजवायची; ती राहिली तर गोळी नेमकी तिथूनच येते. पहिल्या जागेवर कोणी फार वेळ टिकत नाही, म्हणून माणसं आळीपाळीने बदलतात. मजुरी खणलेल्या लांबीवर, आणि किल्ला जवळ येईल तसा दर चढता. धोक्याचा इतका रोखठोक हिशोब त्या काळच्या सैन्यात दुसरीकडे क्वचितच दिसतो.

तोफांचं काम दोन प्रकारचं. पहिलं, तटावरच्या तोफा गप्प करणं. तोफखाना बुरुजाच्या बाजूच्या सरळ रेषेत मांडायचा, दारू मुद्दाम कमी भरायची, म्हणजे गोळा कठडा जेमतेम ओलांडून आत पडतो आणि टप्पे खात लांबवर जातो. वाटेत तोफांचे गाडे मोडतात. दारू जास्त पडली की गोळा एकाच उडीत निघून जातो, काहीच साधत नाही. 1697 च्या आथच्या वेढ्यात ही रीत इतकी चपखल बसली की फ्रेंचांकडचे मृत शंभराच्या आत राहिले. आथची तटबंदी आधी वोबाँनेच बांधलेली होती. 1678 च्या तहात ते शहर स्पेनला परत गेलं होतं.

दुसरं काम भगदाडाचं. आडोशाची वाट हाती आली की तिच्या काठावर 24 पौंडी तोफा चढवायच्या. एक गोळा जवळपास 12 किलोचा. नवखा तोफची भिंतीच्या माथ्यावर मारतो. वरचे दगड उडतात, बुंधा तसाच उभा राहतो आणि शिडीशिवाय चढता येत नाही. खरी पद्धत म्हणजे उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाला आडवी खाच पाडायची, तिच्या टोकांपासून वर उभ्या खाचा न्यायच्या, आणि मग मधल्या भागावर सगळ्या तोफा एकदम झाडायच्या. भिंत खंदकात कोसळते, मागची माती तिच्यावर घसरते, आणि चढायला उतार आपोआप तयार होतो.

चांगल्या किल्ल्यासाठी वोबाँने एकूण 48 दिवस धरले होते: वेढा घालून तयारी करायला 9, चर सुरू झाल्यापासून आडोशाच्या वाटेपर्यंत आणखी 9, बाकीचे वाट, खंदक आणि बुरुजांसाठी. पाऊस हे गणित बिघडवतो. 1692 मध्ये नामूरला चर चिखलाने भरले आणि तोफा हलेनात. त्याहून जास्त बिघडवते अधीरता. 1708 मध्ये फ्रेंचांच्या लील शहरासमोर इंग्रज सेनापती मार्लबरो आणि ऑस्ट्रियाचा सेनापती प्रिन्स यूजीन यांच्याकडे 80 मोठ्या तोफा, 20 उखळी तोफा, 3,000 गाड्या आणि 16,000 घोडे असा अफाट ताफा होता. तरी 7 सप्टेंबरला आडोशाच्या वाटेवर उघड हल्ला चढवला आणि एका रात्रीत अडीच-तीन हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. शहर 22 ऑक्टोबरला पडलं, बालेकिल्ला डिसेंबरात. वोबाँचा आग्रह हाच होता की ती वाटसुद्धा चर खणतच घ्यावी: मातीचे दमदमे उभारून वरून गोळीबार करायचा आणि शत्रूला जागा सोडायला लावायची.

ही रीत दीडशे वर्षं टिकली, पण तिच्या दोन अटी होत्या: वेढा पूर्ण हवा, आणि समोर फोडता येईल अशी भिंत हवी. 1854 मध्ये क्रिमियन युद्धात रशियाच्या सेव्हास्तोपोल बंदराला ब्रिटिश-फ्रेंच सैन्याने वेढा घातला, तेव्हा दोन्ही नव्हत्या. उत्तरेकडची वाट उघडी राहिली, त्यामुळे रशियनांना माणसं आणि दारूगोळा मिळत राहिला. आणि रशियन इंजिनियर टोटलेबेनच्या हाताखाली दिवसा पडलेली मातीची तटबंदी रात्रीत पुन्हा उभी राहत होती. मालाकॉफ बुरूज 8 सप्टेंबर 1855 ला फ्रेंचांच्या हाती आला, तोही वेढ्याच्या अकरा महिन्यांनंतर, चर बुरुजापासून जेमतेम 25 मीटरवर पोचल्यावर.