मामा तलावांची वही: ‘पाहा नोंद अमुक’चं काम कुठवर आलं

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजार जमीनदारांचे), तलावांची वही लाटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बसवतोय. तलावाचा सांडवा खालच्या बोडीत (छोट्या तळ्यात), बोडीचं जास्तीचं पाणी पुढच्या तलावात. त्यामुळे जवळपास प्रत्येक नोंदीत दुसरीचा उल्लेख येतो. त्यात कोणी म्हातारा मधलीच एखादी बुजलेली बोडी आठवून सांगतो आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. हाताने आकडे लिहायचा प्रश्नच नाही.

आता प्रत्येक नोंदीला तलावाच्या नावाचं लेबल, म्हणजे आकडा आपोआप शोधायची खूण, दिलंय. झीलाटेकला (लाटेकच्या युनिकोड अवताराला) देवनागरी लेबल चालतं. फोटोचं लेबल मात्र कॅप्शननंतरच (फोटोखालच्या ओळीच्या आज्ञेनंतरच) टाका. आधी टाकलं तर रेफ, म्हणजे लेबलवरून आकडा आणणारी आज्ञा, फोटोऐवजी नोंदीचाच आकडा देतो, आणि इशाराही येत नाही.

खरी मजा प्रत्ययांची. क्लेव्हररेफ हे लाटेकचं जोड-पॅकेज ‘नोंद ९’ असं जोडून देतं, पण मराठी त्याला आपणच शिकवायची: क्रेफनेम या त्याच्या आज्ञेत ‘नोंद’ आणि ‘नोंदी’ भरले, दोन आकड्यांमधला ‘आणि’ही वेगळा सांगितला. ‘नोंदीत ९’ तर कोणी म्हणत नाही. म्हणून प्रत्यय आकड्यालाच लावला: ‘नोंद ९मध्ये’, ‘नोंद ९वरून’. ‘१२व्या पानावर’ कानाला बरं वाटतं, पण पहिल्या चार पानांना ‘व्या’ लागत नाही. त्यामुळे सगळीकडे ‘पान १२वर’. थोडं सरकारी वाटतं, चालायचंच.

व्हॅरिओरेफ या दुसऱ्या पॅकेजने ‘पुढच्या पानावर’ असंही आपोआप येतं. दिसतं झकास. पण हे शब्द लांब. ओळ वाढते, मजकूर खाली ढकलला जातो, उल्लेख आणि नोंद एकाच पानावर येतात. मग हे शब्द गळतात, ओळ आखडते, मजकूर परत वर. आकडे जुळेपर्यंत लाटेक पुन्हापुन्हा चालवणारं लाटेकएमके फेऱ्या मारत राहतं आणि ठरलेल्या मर्यादेवर हात टेकतं. छापील वहीला पानाचा आकडा पुरे, म्हणून व्हॅरिओरेफ काढून टाकलं.

प्रिएम्बलमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या मांडणीत) हायपररेफ हे दुवे देणारं पॅकेज आधी, क्लेव्हररेफ नंतर. आता राहिला नकाशा. त्यातले आकडे चित्रातच कोरलेत, म्हणजे ते कधी बदलणार नाहीत. आकडे पुसून कोरा नकाशा घेणार आणि वर टिक्झेड या चित्रं काढायच्या पॅकेजने रेफ बसवणार. कोणी केलं असेल तर कोड पाठवा गड्यांनो, माझे तलाव नकाशात फार चिकटून आहेत.