मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाने: सोळा तासांचा हिशोब

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलं तर साधारण 12,500 किलोमीटर भरतं. ताशी 900 च्या वेगाने चौदा तासांत पोचायला हवं. आईला घेऊन जानेवारीत गेलो तेव्हा जाताना सोळा तास लागले, येताना मात्र साडेचौदाच्या आत उरकलं. ही सगळी वाऱ्याची करामत. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो आणि हिवाळ्यात त्याला भलताच चेव येतो. जाताना समोरच्या स्क्रीनवर वेग आठशेच्याही खाली दिसत होता, परतताना हजाराच्या वर. त्यात एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे आपल्या कंपन्यांच्या वाट्याला वळसाही आला. म्हणून किलोमीटर मोजत बसू नका, तिकिटावरच्या वेळा बघा. धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा वेळही त्यात धरलेला असतो.

तारखेकडे नीट लक्ष द्या. 15 तारखेचं रात्री पावणेदोनचं विमान म्हणजे विमानतळावर 14 च्या रात्री दहापर्यंत पोचायचं. पुण्याहून येणाऱ्यांनी दुपारी चारलाच निघावं. खंडाळ्याच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की संपलं.

थंडीत या विमानात उजाडतच नाही. आपण पश्चिमेला जातो आणि रात्र आपल्याबरोबर चालत राहते. घड्याळ न्यूयॉर्कचं, म्हणजे साडेदहा तास मागे (उन्हाळ्यात साडेनऊ), लावून टाकलं तरी आईचं दर तासाला "आता कुठे आलो गं?" चालूच होतं. ज्येष्ठांसाठी कडेची, येण्याजाण्याच्या वाटेलगतची सीट घ्या. पायमोजे घट्ट, बाकी कपडे सैल. व्हीलचेअर आणि शाकाहारी किंवा जैन जेवण तिकीट काढतानाच नोंदवा. व्हीलचेअरचा खरा फायदा उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत कळतो. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत, पॉवर बँकही तिथेच. मेतकूट, गोडा मसाला मोठ्या बॅगेत टाका, कारण पुडी मोठी असली की हातातल्या बॅगेची तपासणी लांबते. खाण्याचं जे असेल ते कस्टमच्या माणसाला सरळ सांगून टाकायचं. ताजी फळं नेऊच नका.

आणि ज्यांची मुलं न्यूयॉर्कशेजारच्या न्यू जर्सी राज्यात एडिसनकडे राहतात (आपली बरीच मंडळी तिकडेच असतात) त्यांनी न्यूयॉर्क शहरातल्या जेएफके विमानतळाच्या आधी न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाचं तिकीट बघावं. नेवार्कहून घर अर्ध्या तासाच्या आसपास. जेएफकेला उतरलात तर सकाळच्या गर्दीत पूल ओलांडत दीड-दोन तास मोडतात, तेही सोळा तास बसून आखडलेल्या गुडघ्यांनी. भाड्यात थोडा फरक पडला तरी आम्ही पुढच्या वेळी नेवार्कच घेणार आहोत.