पाचशे मीटरचा हिशेब

येळ्ळूरच्या रस्त्यावर पळताना आम्ही पेस म्हणतो ती किलोमीटरमागची मिनिटं. टिळकवाडीतल्या जिममध्ये रोइंग मशीनवर, म्हणजे वल्हं मारल्यासारखं ओढायच्या यंत्रावर बसलो, तर पडद्यावर २:२०. सहा-साडेसहा मिनिटांची सवय असलेल्या मला काही अंदाजच येईना. ट्रेनर म्हणाला, "दादा, हे पाचशे मीटरचं आहे. असंच ओढत राहिलात तर पाचशे मीटरला एवढा वेळ लागणार."

घरी येऊन वहीत मांडलं. वेळ सेकंदात घ्यायचा, अंतराने भागायचा, पाचशेने गुणायचा. २००० मीटर ९ मिनिटं २० सेकंदांत, म्हणजे ५६० सेकंद; चारने भागले की १४०, तेच २:२०. नऊ मिनिटांत संपवायचं असेल तर २:१५ धरून ठेवायला हवं.

पाचच सेकंद! पण ते पाच सेकंद इतके जड का जातात, हे वॅटचं सूत्र बघितल्यावर कळलं. कन्सेप्ट टू या कंपनीच्या रोइंग मशीनवर एका मीटरला लागलेल्या सेकंदांचा घन करायचा आणि २.८० ला त्याने भागायचं. २:३० ला साधारण १०४ वॅट येतात, २:०० ला २०३. वेळ पाचव्या हिश्शाने घटला, ताकद मात्र जवळजवळ दुप्पट लागली. २:२० वरून २:१५ वर यायला पंधरा वॅट पुरतात. २:०५ वरून २:०० ला तेवीस. मला तरी या आकड्यांनी फार धीर दिला.

तालमीतली पोरं आली की आधी डॅम्पर, म्हणजे मशीनच्या चाकात किती हवा जाऊ द्यायची ते ठरवणारा दांडा, दहावर नेतात. त्याने ओढ जड होते, पेस आपोआप सुधारत नाही. दोन स्ट्रोकच्या, म्हणजे दोन ओढींच्या मधे चाक किती मंदावतं हे मशीन मोजतं आणि हिशेब त्यानुसार करतं. स्ट्रोकची घाईही तशीच. मिनिटाला तीस वेळा हात हिसकून २:३० दिसायचं. पायाने ढकलून, मग कंबर, शेवटी हात, असं बावीसवर ओढलं की आकडा २:२० ला उतरायचा.

सरासरी काढताना एक बघा. पाच मिनिटं २:०० ने आणि पाच मिनिटं २:३० ने ओढलं तर सरासरी २:१५ येत नाही. अंतर १२५० अधिक १०००, म्हणजे २२५० मीटर, ६०० सेकंदांत. पेस २:१३ आणि वर थोडी. तुकडे सारख्या अंतराचे असतील तरच सरळ सरासरी चालते.