चौथी हाक

फोटो नाही, हे आधीच सांगतो. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी फोन हातात धरायचा नसतो, म्हणून इस्राएलमधल्या दिमोना गावातल्या आमच्या मशिदीत त्या सकाळी काय झालं ते वाचूनच घ्या. (हो, मशीदच. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांतली जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणायची. मुंबईचं 1796 सालचं आमचं पहिलं सिनेगॉग आजही ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखलं जातं.)

अलिबागच्या इस्राएल आळीत आम्ही वाढलो तेव्हा दहा पुरुष जमायचीच मारामार. दहा नसतील तर तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही. माझी बार मित्झ्वा, म्हणजे मुलगा तेराव्या वर्षी धर्मदृष्ट्या वयात येतो तो विधीसुद्धा, ठाण्याला जाऊन उरकला होता. त्यानंतर ‘तोराला चढणं’, म्हणजे वाचनाच्या वेळी तोरापाशी बोलावलं जाणं, राहूनच गेलं. त्यामुळे शुक्रवारी रात्री गब्बाई काकांनी, म्हणजे मशिदीची व्यवस्था बघणाऱ्यांनी, “उद्या तुला वर बोलावू का रे?” असं विचारलं, तेव्हा त्या आठवड्याला तोराचा कोणता भाग आहे हे न बघताच मी हो म्हणून बसलो.

शनिवारी सात जणांना हाक मारतात. पहिला कोहेन (पुरोहितांच्या घराण्यातला), दुसरा लेवी (त्यांच्या मदतनिसांच्या वंशातला), मग बाकीचे. बेने इस्राएलांत परंपरेने कोहेन नाहीत, म्हणून पहिल्या हाकेला शेजारच्या गल्लीतले मोरोक्कोचे आजोबा येतात. मला चौथी हाक. हाक आडनावाने नाही, ‘अमक्याचा मुलगा अमका’ अशी, हिब्रूत. वडिलांचं नाव इतक्या मोठ्याने मी शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकलं.

आमच्याकडे तोरा गोल लाकडी पेटीत उभी असते, कपाटासारखी उघडते. आत चामड्यावर हाताने लिहिलेला मजकूर, 3,04,805 अक्षरं. त्यातलं एक जरी पुसलं गेलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. आणि लिहिलेली असतात ती व्यंजनं. खुणा नाहीत, विरामचिन्हं नाहीत. आपल्याकडे कुणी काना, मात्रा, वेलांटी काही न देता नुसतं क-म-ल लिहिलं आणि म्हणालं वाच, तर कमल, कमाल की कोमल? वाचणाऱ्याला उच्चार आणि चाल दोन्ही पाठ असावे लागतात. मोठ्याने वाचतो तो पट्टीचा वाचक. वर बोलावलेल्याने आधी आणि नंतर आशीर्वाद म्हणायचे आणि मधे वाचकाबरोबर पुटपुटत राहायचं.

चांदीच्या काडीच्या टोकाला इवलासा हात असतो, त्याचं बोट वाचकाने पहिल्या शब्दावर ठेवलं. मी तल्लीथचा, म्हणजे प्रार्थनेच्या उपरण्याचा, गोंडा तिथे टेकवून ओठांना लावला, आशीर्वादाची सुरुवात ‘बारेखू’ म्हटली. आवाज फुटला एवढंच समाधान.

आणि मग थांबेनाच. त्या आठवड्यात मत्तोत आणि मासे हे तोराचे दोन भाग जोडून आले होते आणि चौथ्या हाकेच्या वाट्याला 72 वचनं. (घरी येऊन मोजली.) त्यात इजिप्तमधून निघाल्यापासून वाळवंटात कुठे कुठे तळ पडले त्याची सगळी यादी, 42 ठिकाणं. वायिसू, वायाहानू. निघाले, उतरले. रामसेसहून निघाले, सुक्कोतला उतरले. सुक्कोतहून निघाले, एतामला उतरले. एलिमला बारा झरे आणि सत्तर खजुराची झाडं होती, रफिदीमला प्यायला पाणी नव्हतं, एवढं तरी सांगितलंय. बऱ्याच ठिकाणांना नावापलीकडे काही नाही. बाहेर नेगेवचं ऊन, बिरड्याचा सण (तिशा बेआव, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास) तोंडावर आलेला, पाय भरून आलेले, आणि माझ्या डोक्यात पनवेलहून सुटलेल्या एस.टी.चा कंडक्टर ओरडायला लागला: पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड. देव क्षमा करो.

मधेच एका ठिकाणाचं नाव वाचकाच्या तोंडून जरा वाकडं गेलं. चारी बाजूंनी आरडाओरडा! मला वाटलं भांडण लागलं. पण तोरा चुकीची ऐकून घ्यायची नाही, तिथल्या तिथे सुधारायची, हा नियमच आहे. वाचकाने मान हलवली, मागे जाऊन तो शब्द पुन्हा घेतला आणि यादी पुढे निघाली.

संपल्यावर सरळ माझ्या खुर्चीकडे सुटलो तर काकांनी कोपर धरलं. पुढच्या माणसाचं वाचन होईपर्यंत शेजारी थांबायचं असतं. शिवाय चढताना जवळची वाट, उतरताना लांबची. निघायची घाई दिसता कामा नये. त्या लांबच्या वाटेवर सगळ्यांशी हात मिळवत, ‘हजाक उबारूख’ (शाबासकीच्या शुभेच्छा) घेत मी जागेवर पोचलो.

बाहेर पडताना मोरोक्कोचे आजोबा दारापाशी थबकले. तिथे दिवंगतांच्या नावांची पाटी आहे, हिब्रू अक्षरांत, अर्थातच खुणांशिवाय. पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर. आजोबा दर शनिवारी तिच्यासमोरून जातात, त्या दिवशी त्यांना ती वाचावीशी वाटली. बोट ठेवत एकेक अक्षर लावून ते म्हणाले, “रुहकार?”

मागून आम्ही चौघेपाच एकदम ओरडलो, “रोहेकर!”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली.